रीसेट पिन कोणाच्या ताब्यात?

बोर्ड ब्रिंग-अपमध्ये (नवा सर्किट बोर्ड पहिल्यांदा चालू करून तपासण्याच्या कामात) नव्याने आलेल्यांना मी आधी कोड उघडू देत नाही. स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) घ्या आणि प्रत्येक रीसेट लाइनपाशी, म्हणजे चिपला सुरुवातीच्या स्थितीत थोपवून धरणाऱ्या जोडणीपाशी, थांबून विचारा: पॉवर आल्यापासून आपल्या कोडची पहिली ओळ चालेपर्यंत ही पिन कोणाच्या ताब्यात आहे?

बऱ्याच प्रोसेसरच्या जीपीआयओ पिन्स (कोडमधून इनपुट किंवा आउटपुट करता येणाऱ्या पिन्स) सुरुवातीला नुसत्या इनपुट असतात. काहींना आतून पुल-अपही (पिनला वरच्या व्होल्टेजकडे ओढणारा रेझिस्टर) असतो. समोरच्या चिपचा रीसेट ॲक्टिव्ह लो असेल, म्हणजे पिन शून्याजवळ असतानाच लागू होत असेल, तर ती तुमची वाट न पाहता परस्पर रीसेटमधून बाहेर येते. म्हणून बाहेरून पुल-डाउन (शून्याकडे ओढणारा रेझिस्टर) हवा, आणि त्याची किंमत हिशेब करूनच ठरवावी. आतला पुल-अप ४० किलोओहम आणि बाहेरचा पुल-डाउन १० असेल, तर ३.३ व्होल्टवर पिन ०.६६ व्होल्टला बसते, बहुतेक ठिकाणी चालून जाते. तिथे १०० किलोओहम लावलात तर २.३६ व्होल्ट! म्हणजे रीसेट सुटलाच.

इथरनेट फायमध्ये (नेटवर्क केबलचे सिग्नल हाताळणाऱ्या चिपमध्ये) हे फार जाचतं. रीसेट सुटताना फाय आपल्या स्ट्रॅप पिन्स (ज्यांच्या पातळीवरून सुरुवातीची सेटिंग्ज ठरतात त्या) वाचतो आणि पत्ता, मोड तिथेच ठरवतो. क्लॉक स्थिर व्हायच्या आत रीसेट सुटला, तर फाय भलत्याच पत्त्यावर उभा राहू शकतो आणि माणसं ड्रायव्हर धुंडाळत बसतात. अशा वेळी मी ऑसिलोस्कोपचा एक प्रोब ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याच्या लाइनवर, दुसरा रीसेटवर लावतो आणि सिंगल ट्रिगरवर (म्हणजे एकदाच टिपून थांबेल असा लावून) पॉवर देतो. दोन रेषांमधलं अंतर डेटाशीटशी ताडून पाहिलं की निम्मी शंका तिथेच मिटते. पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डाला तर पॉवर स्थिर झाल्यावर किमान १०० मिलिसेकंद रीसेटमध्ये ठेवावं लागतं.

कोडमध्ये क्रम सांभाळा: आधी आउटपुट रजिस्टरमध्ये हवी ती किंमत, मग दिशा. उलट केलंत तर क्षणभर चुकीची पातळी बाहेर पडू शकते.

लिनक्समध्ये डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये) पिन ॲक्टिव्ह लो लिहिली असेल, तर १ म्हणजे ‘रीसेट लागू’, पिनवर मात्र शून्य व्होल्ट. आणि फायचा रीसेट त्याच्याच नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या त्याच्या नोंदीत) लिहिला असेल तर जपा: रीसेटमध्ये अडकलेला फाय आपली ओळख सांगत नाही, कर्नलला तो सापडतच नाही. तो रीसेट एमडीआयओ बसच्या (प्रोसेसर ज्यावरून फायशी बोलतो त्या जोडणीच्या) नोडमध्ये टाका, किंवा फायचा आयडी त्याच्या नोडमधल्या ‘कंपॅटिबल’ या ओळीत स्पष्ट लिहा.