फॅशन शोच्या बॅकस्टेजला इंटर्न म्हणून जाताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्याच शोमध्ये एक मॉडेल डाव्या पायात ३९ नंबरची आणि उजव्या पायात ४१ नंबरची सँडल घालून रॅम्पवर गेली. दोन्ही काळ्या, दोन्हींना सारखाच पट्टा. परत आल्यावर ती काही बोलली नाही, नुसता पाय उचलून दाखवला. ती जोडी मीच लावली होती, आदल्या रात्री साडेअकराला, पेंगुळलेल्या डोळ्यांनी.

आता इंटर्न मुलं-मुली माझ्या हाताखाली येतात आणि मी तेच पुन्हा पुन्हा बघते. चूक दिसते शोच्या वेळी, पण ती होऊन गेलेली असते आदल्या दिवशी, रॅकपाशी.

गणित समजून घ्या. शो चालतो पंधरा-वीस मिनिटं. लूक, म्हणजे कपडे-दागिने-जोडे असा एक पूर्ण पेहराव, तीस-पस्तीस आणि मॉडेल त्याच्या निम्म्या, म्हणजे बहुतेकींना मधे एकदा कपडे बदलावे लागतात. याला क्विक चेंज म्हणतात. त्यासाठी हातात मिनिट, फार तर दीड मिनिट. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, फक्त हात चालतात.

रॅक ‘लावला’ म्हणजे नुसता टांगला नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच. कपडे इस्त्री करून, बटणं लावून, चेन ओढून, दुकानात टांगतात तसे नीटनेटके टांगायचे. दिसायला छान, पण घाईत ही सात बटणं उघडणार कोण? बॅकस्टेजचा रॅक उघडा हवा. चेन खालपर्यंत, हुक मोकळे, नाड्या सैल, गळ्यातल्या हाराची कडी सोडलेली, सँडलचा पट्टा फिटिंगच्या वेळी ठरलेल्या भोकाजवळ खूण करून मोकळा ठेवलेला.

प्रत्येक मॉडेलचा रॅक वेगळा असतो. त्यावर तिचा फोटो, लूकचे नंबर आणि लूक कार्ड, म्हणजे त्या लूकमध्ये काय काय घालायचं त्याचा कागद. दागिने झिपच्या पिशवीत घालून हँगरच्या मानेला अडकवा, पिशवीवर लूक नंबर लिहा. जोडे हँगरच्या बरोबर खाली. आणि हो, दोन्ही पायांचे नंबर वाचा. दोन्ही.

लाइनअप, म्हणजे लूक रॅम्पवर जाण्याचा क्रम, रात्रीतून बदलतो हे गृहीतच धरा. शो डायरेक्टर रिहर्सल बघून १४ नंबरचा लूक ९वर नेतो आणि भिंतीवरचा कागद बदलतो. तुमच्या रॅकवरचा कागद मात्र तुम्हीच बदलायचा असतो. जुना कागद फाडून टाका, खोडाखोड करू नका. अंधारात खोडलेला आकडाच आधी दिसतो.

साडीचा लूक क्विक चेंजमध्ये आलाय? मग आदल्या संध्याकाळीच ड्रेसरच्या, म्हणजे मॉडेलना कपडे चढवणाऱ्यांच्या, प्रमुखाला सांगा. खरीखुरी सहावारी निऱ्या-पदरासकट मिनिटभरात नीट बसत नाही. निऱ्या शिवून घ्यायच्या, की तो लूक त्या मॉडेलचा पहिला करायचा, हे ते ठरवतील. थेट डिझायनरकडे धावू नका. त्या दिवशी त्यांच्या कानात आधीच दहा जण बोलत असतात.

इस्त्री, स्टीमर आणि ऑक्टोबर

लॅक्मे फॅशन वीक साधारण मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास असतो. तो मुंबईत असला की घामाशी गाठ पडतेच. मॉडेलच्या अंगावर घाम असताना सॅटिन चढवलं की पाठीवर नकाशा उमटतो. आधी टिश्यूनं टिपा, पुसू नका. पुसलं की बॉडी मेकअप पसरतो.

स्टीमर हातात आला की इंटर्नला फार उत्साह येतो. जरा थांबा. सिक्वेन्सच्या टिकल्या बहुतेक प्लास्टिकच्या. गरम इस्त्री लागली की वाकड्या होतात. मखमल उलट्या बाजूनं वाफवायची, दाबायची नाही. पैठणीच्या काठावर थेट इस्त्री टेकवू नका, मधे सुती कापड ठेवा. स्टीमर थुंकतोही! सुरुवातीचं पाणी जमिनीवर जाऊ द्या, नाहीतर कच्च्या रेशमावर थेंबाचा डाग बसतो.

कपड्याबद्दल शंका असेल तर मास्टरजींना विचारा. ज्यांनी तो शिवलाय त्यांना त्याचं दुखणं-खुपणं माहीत असतं. कॉलेजात शिकलो म्हणून न विचारणारे फार बघितले.

ऐनवेळी बिघडलं तर

चेन अडकली तर ओढू नका, दातांवर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती घासा. चेन वर-खाली करणारा रनरच निघून आला तर चेनचा नाद सोडा आणि कपडा मॉडेलच्या अंगावरच शिवून टाका. सुई ओवलेली हवी: काळा, पांढरा आणि त्वचेच्या रंगाचा, तीन दोरे कमरेच्या पिशवीत. नंतर उसवायला छोटी कात्री. खाली आलेल्या शिवणीला दुहेरी चिकटपट्टी पुरते.

सँडल मोठी असेल तर आत जेलची गादी किंवा पुढं कापूस. रॅम्प गुळगुळीत असेल तर सँडलच्या तळव्याला मास्किंग टेप लावतात. पाय सरकत नाही आणि उसनी आणलेली जोडी कोरी राहते.

डोक्यावरून कपडा चढवताना मॉडेलच्या चेहऱ्यावर पातळ स्कार्फ टाका. तरी गळ्याला फाउंडेशन लागलंच तर पाणी लावू नका, टाल्कम पावडर दाबून झटका. डिओडरंटचे पांढरे पट्टे जुन्या नायलॉनच्या मोज्यानं निघतात. लांब गाऊनमध्ये पाय घालायच्या आधी जमिनीवर पांढरी चादर अंथरा. आणि कपडे चढल्यावर तिला खुर्चीवर बसू देऊ नका, बिचारी कितीही दमली असली तरी. पाणी द्यायचं ते स्ट्रॉनं.

तुमच्या स्वतःबद्दल

काळे, साधे कपडे, सपाट बूट. अंगठ्या, बांगड्या, लांब नखं घरी ठेवा. जरदोजीचा एक टाका अंगठीत अडकला की कारागिराची मेहनत उसवते. फोन खिशातच. तिथं माणसं कपडे बदलत असतात, एवढं कारण पुरे. हात लावायच्या आधी ‘चेन लावू का?’ असं विचारायची सवय लावा, मॉडेल बाई असो की पुरुष.

पैशांचं काय, ते आधीच विचारा, लाजू नका. पुष्कळ ठिकाणी फक्त जेवण आणि प्रमाणपत्र मिळतं. निदान रात्री घरी सोडण्याची सोय आहे का, एवढं तरी कळू द्या. मुंबईच्या बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, रात्री कुर्ला गाठून पनवेल लोकल पकडण्याचा खटाटोप मी केलाय.

शो संपला, काम नाही

टाळ्या वाजल्या की सगळे सेल्फीकडे पळतात आणि नेमके तेव्हाच कानातले हरवतात. दागिने मॉडेलच्या अंगावरून थेट त्याच नंबरच्या पिशवीत, टेबलावर ‘नंतर बघू’ म्हणून नाही. परतीच्या यादीवर एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची. घामेजलेले कपडे लगेच गारमेंट बॅगेत कोंडू नका, थोडा वारा लागू द्या.

सर्वात शेवटी जोड्यांच्या तळव्याची टेप सोला. तशीच राहिली तर डिंक चिकटून बसतो. आणि टेप काढताना खालचा नंबर दिसतोच. मी तो अजून मोठ्यानं वाचते.