नियम पाळू की माणूस बघू? अडलात तर असं करा

शेजारच्या काकूंना ससून हॉस्पिटलला न्यायचंय आणि इकडे उपासना सुरू व्हायला दहाच मिनिटं, तर सरळ रिक्षा बोलवा, चर्च पुढच्या रविवारी आहेच. येशूने शब्बाथाच्या दिवशी (ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी काम करायचं नाही), तेही सभास्थानातच, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, १८ वर्षं वाकून चालणाऱ्या बाईला बरं केलं (बायबल, लूक १३) आणि तिथला अधिकारी चिडला तेव्हा त्याला सुनावलं की बैल-गाढव सोडून पाण्यावर तुम्ही शब्बाथालाही नेताच की!

आधी बघा नियम नेमका काय आहे, कारण बऱ्याचदा तो आपल्या आज्जीइतका कडक नसतो. कॅथलिकांच्यात उपवासाचं बंधन १८ ते ५९ वयालाच, आजाऱ्यांना सूट, आणि घरात तान्हं बाळ सांभाळायचं असेल तर मिसा, म्हणजे रविवारची उपासना, चुकली तरी चालते. म्हणून शुगरवाल्या मामांना गुड फ्रायडेच्या उपवासालाही वेळेवर खायला द्या, वर लेक्चर नको.

लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी चर्चला आली तर बाकावर सरकून जागा करा, चौकशा नंतरही नकोत. इथे पुण्याजवळच केडगावला पंडिता रमाबाईंनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन नावाचं आश्रयघर काढलं होतं, त्यांनी कुणाची पत्रिका तपासली नव्हती.

पण नवरा मारतोय आणि चर्चची मंडळी बायकोलाच "क्षमा कर" म्हणतायत, याला दया म्हणत नाहीत हां. तिथे आधी तिला घराबाहेर काढा, पोलिसांना ११२ लावा, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) नंतर बोला.