नॉइज असलेल्या चित्रात कडा शोधणारी पद्धत कितपत टिकते, हे कसे तपासावे

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात कॅमेऱ्याने पार्टचं माप घ्यायचं, तर त्याची कड नेमकी सापडायला हवी. कडा शोधण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी सोबेल घ्यावा की कॅनी, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. छान दिसणारी कडही दोन पिक्सेल सरकलेली असू शकते.

१. २५६×२५६ चं करडं चित्र बनवा. पार्श्वभूमी १००, त्यावर १५० चा चौकोन आणि वर्तुळ. खऱ्या कडा तुम्हीच काढल्या आहेत, म्हणून उत्तर हाताशी आहे.

२. त्यात सिग्मा (नॉइज किती पसरलेला ते सांगणारा आकडा) ५, १०, २५ चा गाउसियन नॉइज, म्हणजे पिक्सेलच्या किमतींतला यादृच्छिक चढउतार, मिसळा. बेरीज फ्लोटमध्ये (दशांश संख्यांत) करून मग ० ते २५५ मध्ये छाटा. आठ बिटांत केलीत तर २५५ पुढची किंमत पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि भलतेच काळे ठिपके उमटतात. फाइल पीएनजीत ठेवा, जेपेगचे चौकोन स्वतःच कडा बनतात. प्रत्येक पातळीवर वीसेक वेगळे नमुने घ्या, मात्र सगळ्या पद्धतींना तेच द्या.

३. बहुतेक तुलना इथे फसतात. ब्लर केलेला कॅनी आणि कोरा सोबेल समोरासमोर ठेवले, तर मोजला जातो तो ब्लर. ओपनसीव्ही या इमेज-प्रोसेसिंग लायब्ररीतला कॅनी स्वतः ब्लर करत नाही, म्हणून दोघांनाही आधी सारखाच गाउसियन ब्लर द्या. सोबेलच्या जाड रेषा बारीक करून घ्या. थ्रेशोल्डही (कड मानण्याची किमान मर्यादा) प्रत्येकाचा वेगळा शोधा: निम्म्या नमुन्यांवर ठरवा, उरलेल्यांवर गुण मोजा. शिवाय सिग्मा ५ ला ठरलेला थ्रेशोल्ड न बदलता २५ लाही चालवून बघा. शॉपफ्लोरवर रोज सेटिंग कोण बदलणार? आमच्या मते हाच आकडा जास्त बोलका.

४. गुणांसाठी प्रॅटचा फिगर ऑफ मेरिट वापरा. सापडलेल्या प्रत्येक पिक्सेलचं खऱ्या कडेपासूनचं अंतर d, त्याचे गुण १/(१+d²/९). बेरजेला खऱ्या किंवा सापडलेल्या पिक्सेलांपैकी मोठ्या संख्येने भागा. एक पिक्सेल सरकलं तर ०.९, तीन सरकली तर ०.५. ओपनसीव्हीचं डिस्टन्स ट्रान्सफॉर्म जवळच्या शून्यापर्यंतचं अंतर देतं, म्हणून खऱ्या कडांचं चित्र आधी उलटं करा.

मीठ-मिरी नॉइज (विखुरलेले पांढरे-काळे ठिपके) वेगळा तपासा. तिथे गाउसियन ब्लर ठिपका पसरवतो, ३×३ चा मीडियन फिल्टर तो उडवतो.

शेवटी खरा फोटो. स्टँडवरून एकाच फ्लँजचे ४९ फोटो, एक्स्पोजर लॉक करून. सरासरीत नॉइज सातपट घटतो, त्या चित्रावर कडा हाताने आखा आणि चाचणी सुट्या फोटोंवर घ्या. गोदाघाटाचं दृश्य यासाठी नको, हलत्या पाण्याची सरासरी कडाच पुसून टाकते.