परिचारिका आणि प्रसाविकांच्या परीक्षेचा दर्जा कसा वाढवावा

महाराष्ट्रात जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंगची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, त्यामुळे ही परीक्षाच व्यवहारात परवान्याची परीक्षा ठरते, आणि ती घेणाऱ्यांनी तिच्याकडे त्याच गांभीर्याने पाहायला हवे.

पेपर काढण्याआधी आराखडा तयार करावा. रात्रपाळीत एकट्या परिचारिकेवर कोणते प्रसंग येतात आणि त्यांतले कोणते जिवावर बेततात, हे वॉर्डात व लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टरांकडून समजून घेऊन त्या प्रमाणात गुण वाटावेत.

खरी मेहनत प्रश्न लिहिण्यात आहे. ‘प्रसूतीपश्चात रक्तस्रावाची व्याख्या लिहा’ हा प्रश्न पाठांतर तपासतो. त्याऐवजी असे विचारावे: प्रसूतीला वीस मिनिटे झाली आहेत, वार पूर्ण पडली आहे, गर्भाशय हाताला मऊ लागते आणि दोन पॅड भिजले आहेत, सर्वप्रथम काय कराल? येथे गर्भाशय चोळणे हे उत्तर अपेक्षित असेल, तर ‘मदतीसाठी हाक मारणे’ हा पर्याय देऊ नये, कारण ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात आणि प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे होतात. अशा चुका लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दोन शिक्षिकांनी उत्तरसूची न पाहता सोडवून बघावा.

प्रात्यक्षिकात एकीला साधी केस मिळते, तर दुसरीला गुंतागुंतीची, हा अन्याय मला फार खटकतो. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडलेल्या ऑस्की (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) पद्धतीत सर्व विद्यार्थिनी क्रमाने त्याच टेबलांवर जातात, ठरलेल्या मिनिटांत तेच काम करतात आणि परीक्षक छापील तपासणी-यादीवर खुणा करतो. इंजेक्शन, नवजात बाळाला श्वास देणे, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरणे यांसाठी हीच पद्धत वापरावी.

उत्तीर्णतेची रेषा सरसकट 50 टक्क्यांवर न ठेवता अँगॉफ पद्धतीने ठरवावी: जेमतेम पात्र असलेल्या शंभर विद्यार्थिनींपैकी किती जणी एखादा प्रश्न बरोबर सोडवतील, याचा अंदाज प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्रपणे नोंदवावा आणि या सर्व अंदाजांची सरासरी हीच उत्तीर्णतेची रेषा धरावी.

निकाल जाहीर करण्यापूर्वी एकूण गुणांत वरच्या व खालच्या 27 टक्के विद्यार्थिनींची उत्तरे प्रश्नवार ताडून पाहावीत. ज्या प्रश्नात हुशार मुलीच अधिक चुकल्या असतील, त्याची उत्तरसूची आधी तपासावी, आणि दोष प्रश्नातच आढळल्यास तो गुणांतून वगळावा.