पावसाळ्यात कडकनाथची पिल्लं? आधी तूस दाबून बघा

मुरबाड-शहापूरकडे जून-जुलैत कडकनाथची, म्हणजे काळ्या मांसाच्या देशी कोंबडीची, पिल्लं आणणार असाल, तर खाद्याआधी खालच्या गादीचा विचार करा. गादी म्हणजे भाताचं तूस, गिरणीत सहज मिळतं. दोन-तीन इंच जाड पसरा. रोज सकाळी पाण्याच्या भांड्याजवळचं तूस मुठीत घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला, तर तेवढं लगेच काढून कोरडं टाका. ओल्या गादीत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, झपाट्याने पसरते. मी पहिल्या वर्षी ‘उद्या बघू’ म्हणत राहिलो, तोवर विष्ठेत रक्त दिसायला लागलं होतं. कडकनाथ काटक खरा, पण मोठा झाल्यावर!

बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर उकाडा.

आपल्याकडे झड नैऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूला ताडपत्री लावतोच आपण. फक्त ती छपरापर्यंत बंद करू नका, वर वीतभर जागा सोडा. शेडमध्ये खाली उकिडवं बसून बघा. तुमचे डोळे चुरचुरले, तर अमोनिया साठलाय. पिल्लं त्याच उंचीवर चोवीस तास असतात.

अंडी मात्र काळी नसतात, फिकट तपकिरीच. पाहुणे हमखास विचारतात.