पाटी नंतर वाचा

संग्रहालयात चित्रासमोर उभे राहिलात की शेजारची माहितीची पाटी लगेच वाचू नका. आधी पाच मिनिटं नुसतं पाहा. उजेड कुठून येतोय, नजर कुठे अडते, कुठून निसटते, हे वहीत लिहा. माहिती कळल्यावर हे कोरं पाहणं पुन्हा हाती लागत नाही, म्हणून लिहायचं.

मग एक नेमका प्रश्न घ्या. 'कसं वाटलं?' याने काही हलत नाही. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार इल्या रेपिनचं एक चित्र दाखवून लोकांच्या नजरेचा माग काढला होता. घरी अवचित परतलेला माणूस, त्याला बघून थबकलेली घरची मंडळी. चित्रातल्या माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर खिळायची, कपडे लक्षात ठेवायला सांगितले की अंगभर फिरायची.

आता पाटी वाचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधलं, डच चित्रकार व्हर्मीरचं चित्र घ्या: उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी, काचेत उमटलेला तिचा चेहरा. तिच्यामागची भिंत कित्येक पिढ्यांनी रिकामीच पाहिली. त्या भिंतीवर क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, रंगवलेला आहे, हे १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसलं. तो व्हर्मीरनेच झाकला असं सगळे धरून चालले होते. पुढे तपासणीत कळलं, वरचा रंग त्याच्या मृत्यूनंतर कुणीतरी दिलेला. तो खरवडून २०२१ मध्ये चित्र पुन्हा मांडलं. क्युपिडच्या पायाखाली मुखवटा आहे, म्हणजे ढोंग तुडवणारं खरं प्रेम. पत्र प्रेमाचं असावं, हा अंदाज आता चित्रकारानेच दिलेला ठरतो.

माहिती निवडून घ्या. लिलावातली किंमत आणि चित्रकाराची लफडी मी सोडून देते; त्यांनी डोळा चित्राकडे वळत नाही. रंगाची, डागडुजीची, चित्र कुणासाठी काढलं याची माहिती मात्र जरूर शोधा. व्हॅन गॉगच्या 'बेडरूम'च्या निळ्या भिंती मुळात फिक्या जांभळ्या होत्या. त्यातला लाल रंग उडाला. हे कळल्यावर पलंगाचा पिवळा रंग जांभळ्याशेजारी कसा खुलला असता, हे मी मनातल्या मनात जुळवून बघते.

शेवटी वही काढून पुन्हा पाहा. आधीचं मत बदललंच पाहिजे असं नाही. क्युपिडमुळे चित्राचा अर्थ भरला, हे मला पटतं. तरी ती रिकामी भिंत मला जास्त सुंदर वाटते. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवा, आधीची खोडू नका.