छतावरच्या सौरसंचासाठी अनुदान आणि कर्ज: अर्ज करण्याआधी काय तपासावे

पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजनेत अनुदान किती मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते केव्हा मिळते आणि कशामुळे अडते, हे मात्र अनेकांना अर्ज केल्यानंतरच कळते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी 18,000 रुपये, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. पाच किलोवॅटचा संच बसवला तरी हा आकडा वाढत नाही. दुकान, कारखाना किंवा शेतीपंपाच्या जोडणीला यात स्थान नाही.

पहिले काम संगणकापुढे बसण्याचे नाही, वीजबिल हातात घेऊन बघण्याचे आहे. बिलावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँक पासबुकावरचे नाव एकच आहे का, हे पाहावे. आपल्याकडे आजोबांच्या नावाचे मीटर नातवंडांच्या काळापर्यंत तसेच चालू राहते आणि बिल वेळेवर भरले जात असल्याने कोणाला त्याची अडचणही वाटत नाही. अनुदान मात्र ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्याच खात्यात जमा व्हायचे असते. म्हणून वारसाची कागदपत्रे, घराची मालकी दाखवणारा उतारा किंवा मालमत्ता कराची पावती जोडून आधी वीज कंपनीकडे नावात बदल करून घ्यावा आणि नव्या नावाचे बिल हाती आल्यावरच अर्ज करावा. थकबाकी असेल तर तीही त्याच वेळी मिटवावी. छत सामाईक असेल, तर भावाभावांमधली संमती तोंडी ठेवू नये, लेखी घ्यावी.

त्याच बिलावर मागील बारा महिन्यांचा वापर दिलेला असतो आणि संचाची क्षमता त्यावरूनच ठरवावी. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला एक ते दोन आणि 150 ते 300 युनिट वापर असलेल्या घराला दोन ते तीन किलोवॅट पुरतात. प्रत्येक किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, शेजारची इमारत किंवा अंगणातला नारळ यांची सावली दुपारी कुठे पडते, हे स्वतः गच्चीवर जाऊन बघावे; पुरवठादाराच्या माणसाने सकाळी काढलेल्या फोटोवर विसंबू नये. क्षमता ठरवण्याआधी जुने पंखे बदलता आले तर तेही करावे, असे माझे मत आहे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला तीसेक वॅट पुरतात. चार पंखे बदलल्यावर कित्येकदा तीनऐवजी दोन किलोवॅटच्या संचावर काम भागते.

यानंतरचा मार्ग तुलनेने सरळ आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर आपली वीज कंपनी निवडून ग्राहक क्रमांक भरावा. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात ही कंपनी महावितरण असते, मुंबईत ती बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असू शकते, तर गोव्यात वीज खात्याकडे जावे लागते. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना आता तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही. पुरवठादार पोर्टलवर नोंदणी केलेल्यांपैकीच निवडावा आणि निदान तिघांकडून लेखी दरपत्रके घ्यावीत. पॅनेलमधले सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारे तुकडे, भारतात बनलेले असणे ही अनुदानाची अट आहे, त्यामुळे ते दरपत्रकात स्पष्ट लिहून घ्यावे. स्वस्त म्हणून आयात सेलचे पॅनेल बसवले तर अनुदान हातचे जाते. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असते, तिचाही उल्लेख करारात असू द्यावा. सौर उपकरणांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणून कोणी जुन्या दराने हिशेब मांडला असेल तर तो दुरुस्त करून मागावा.

संच बसला, वीज कंपनीची तपासणी झाली, नेट मीटर (घेतलेल्या आणि वीज कंपनीला परत दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणारे मीटर) लागले, की पोर्टलवर बँक खात्याचा तपशील भरायचा असतो आणि त्यानंतर साधारण महिन्याभरात अनुदान जमा होते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम ग्राहकालाच उभी करावी लागते. कर्जाची गरज पडते ती येथेच. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी सरकारी बँका दोन लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देतात. त्याचा व्याजदर रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराला) जोडलेला असून योजना सुरू झाली तेव्हा तो सुमारे 7 टक्के होता. संचाची किंमत 1,80,000 रुपये धरली आणि त्यातले दहा टक्के स्वतः भरले, तर कर्ज 1,62,000 रुपयांचे होते आणि 7 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे 1,880 रुपये येतो. अनुदानाचे 78,000 रुपये लगेच कर्जखात्यात भरून हप्ता नव्याने बांधून घेतला, तर तोच हजाराच्या आत येतो. तेच पैसे घरखर्चात मिसळले की वीजबिलात वाचलेली रक्कम हप्त्यातच जाते.

ज्यांचा वापर महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी आहे, त्यांनी महाराष्ट्र शासनाची स्मार्ट योजना पाहावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 रुपयांवर राज्याचे 17,500 रुपये मिळतात आणि स्वतःचे 2,500 रुपये भरावे लागतात.

गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात. मर्यादा प्रत्येक घरामागे तीन किलोवॅट आणि एकूण 500 किलोवॅट अशी आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून घ्यावा, कारण गच्चीवरून होणारे वाद ठराव नसला की हमखास कामाच्या मध्यावर उभे राहतात.

एक गैरसमज मात्र संच घेण्याआधीच दूर करावा. बॅटरी नसलेला संच वीजपुरवठा खंडित झाला की भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी तशी रचनाच केलेली असते. भारनियमनावरचा उपाय म्हणून जो हा संच घेणार असेल, त्याने बॅटरीचा खर्च धरूनच हिशेब करावा, आणि त्या खर्चासाठी वेगळे अनुदान नाही.